घरटी लुटून आरोग्य मिळत नाही

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासमोर, अरबी समुद्रात, खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. सागरी नकाशांत त्याला ‘वेंगुर्ला रॉक्स’ म्हणतात. त्यातल्या एका बेटाच्या पोटात गुहा आहे आणि तिच्या काळोखात चिमणीहूनही लहान अशी भारतीय पाकोळी पिढ्यानपिढ्या वीण घालत आली आहे. हुमायूँ अब्दुलअली यांनी १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात या वसाहतीवर लिहिले होते. त्यानंतर साठेक वर्षांनी, चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी याच गुहेतून होणारी घरट्यांची चोरी उजेडात आणली. चोरांनी आत बांबूच्या परांच्या बांधल्या होत्या. भर समुद्रातल्या बेटावर बांबू वाहून नेऊन परांच्या बांधणे हे भुरट्या चोराचे काम नव्हे. त्यामागे ठरलेले गिऱ्हाईक लागते, दलाल लागतो आणि परदेशातला बाजार लागतो.

तो बाजार आहे खाण्याच्या घरट्यांचा. चीन, हाँगकाँग, तैवान, सिंगापूर आणि जगभर विखुरलेल्या चिनी समाजात या घरट्यांचे सूप कित्येक शतके प्रतिष्ठेचे आणि औषधी मानले गेले आहे. त्वचा उजळते, फुप्फुसे बळकट होतात, आजारातून उठलेल्याला ताकद येते, गरोदर बाईच्या पोटातले मूल सुदृढ होते, अशी त्यावरची श्रद्धा. एके काळी श्रीमंतांच्या ताटापुरता असलेला हा पदार्थ आज बाटलीबंद पेय, चूर्ण आणि चेहऱ्याचे क्रीम अशा रूपांत विकला जातो. उत्तम प्रतीच्या घरट्यांचा भाव किलोला काही हजार डॉलर असतो. एवढा पैसा फिरू लागला की कोणतीही गुहा दुर्गम राहत नाही. म्हणूनच इशारा आजच द्यायला हवा. या घरट्यांचे आरोग्याला होणारे म्हणून सांगितले जाणारे फायदे सिद्ध झालेले नाहीत, त्यांच्या सुरक्षिततेबद्दल गंभीर प्रश्न आहेत आणि त्यांची खरी किंमत एक मुका पक्षी आपल्या वंशाने मोजतो आहे. हे तिन्ही मुद्दे एकत्र पाहिले, तर हा व्यापार आज आहे तसा चालू देण्याचे समर्थन करता येत नाही.

मुळात हे घरटे म्हणजे काय? आग्नेय आशियातल्या गुहापाकोळ्यांच्या काही जाती वीण जवळ आली की जिभेखालच्या लाळग्रंथी फुगवतात आणि चिकट लाळेचे धागे भिंतीवर ओढत वाटीच्या अर्ध्या फोडीसारखे घरटे तयार करतात. हवा लागताच ते धागे कडक होतात. एक घरटे पुरे व्हायला महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि त्याचे वजन जेमतेम काही ग्रॅम भरते. एका जातीची घरटी जवळजवळ निव्वळ लाळेची, पांढरी असतात. ती सर्वांत महाग. दुसऱ्या जातीच्या घरट्यांत पिसे मिसळलेली असतात, ती काळी म्हणून विकली जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची आणि श्रीलंकेतली भारतीय पाकोळी लाळेत शेवाळ, काड्या, पिसे मिसळते, त्यामुळे तिच्या घरट्याला दुय्यम भाव मिळतो. तरीही तो भाव चोराला समुद्रात उतरवण्याइतका पुरेसा ठरला, यावरून या बाजाराच्या भुकेचा अंदाज यावा.

आता औषधी गुणांचे पाहू. प्रयोगशाळेच्या दृष्टीने घरटे हे मुख्यतः ग्लायकोप्रथिन आहे. त्यात साधारण साठ टक्के प्रथिने, त्याखालोखाल कर्बोदके आणि दहा टक्क्यांच्या आसपास सायॅलिक आम्ल असते. हाँगकाँगमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात घरट्याच्या अर्कात पेशींच्या वाढीला चालना देणारा गुण आढळल्याचे दाखवले. तेव्हापासून विक्रेत्यांच्या हाती विज्ञानाचा दाखला आला. पुढे उंदरांवर, काचेच्या बशीतल्या पेशींवर, विषाणूंवर अनेक प्रयोग झाले आणि काहींचे निष्कर्ष उत्सुकता वाढवणारेही आहेत. पण बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. खाल्लेली प्रथिने जठरात आणि आतड्यात तुटतात, त्यांची अमिनो आम्ले होतात. घरट्याचा जो गुण बशीत दिसला, तोच पचनानंतर रक्तात पोचतो आणि रोग बरा करतो, हे माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांनी दाखवावे लागते. तसा भक्कम पुरावा आजही उभा राहिलेला नाही. सायॅलिक आम्लाचे म्हणाल, तर ते आपले शरीर स्वतःच बनवते आणि आईच्या दुधात ते भरपूर असते.

साधा हिशेब करून पाहावा. एका वेळच्या सुपात पाच ग्रॅम सुके घरटे घातले, तर त्यातून सुमारे तीन ग्रॅम प्रथिने मिळतील. एका कोंबडीच्या अंड्यात त्याच्या दुप्पट असतात. बाटलीबंद पेयाची गोष्ट तर याहून वाईट. त्यात पाणी आणि साखरच मुख्य, घरट्याचा अंश अगदी थोडा. मूठभर मूग, एक वाटी दही किंवा एक उकडलेले अंडे जे काम करते, त्यासाठी हजारो रुपये मोजायला लावणारी जाहिरात ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. त्यातही गरोदर बाई, लहान मूल आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस यांच्या नावाने जेव्हा ती केली जाते, तेव्हा ती अधिक निर्दय ठरते. काळजीपोटी माणूस हिशेब करत नाही आणि विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते.

फायदा झाला नाही तरी नुकसान तरी होणार नाही, असे कुणी म्हणेल. तेही खरे नाही. सिंगापूरमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अन्नामुळे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, झालेल्या मुलांची पाहणी केली होती. त्यात सर्वांत वरच्या क्रमांकावर पक्ष्याचे घरटे होते. सव्वीस-सत्तावीस टक्के मुलांना त्याचा त्रास झाला होता. कोळंबी-खेकडे त्याच्या मागे, अंडी आणि दूध तर आणखी मागे. अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, धाप लागणे, रक्तदाब कोसळणे, असा हा झपाट्याने वाढणारा प्रकार असतो आणि वेळेत इंजेक्शन मिळाले नाही तर मूल दगावू शकते. मुलाचे बळ वाढावे म्हणून आईबापांनी प्रेमाने पाजलेल्या सुपातून हे घडावे, याहून मोठी शोकांतिका नाही.

लाल घरट्यांचे प्रकरण तर या बाजाराचे खरे रूप दाखवते. घरटे बांधताना लाळ संपली की पाकोळी रक्त ओकते आणि त्यातून लाल घरटे तयार होते, अशी एक जुनी समजूत आहे. ‘रक्तघरटे’ म्हणून ते पांढऱ्याहूनही महाग विकले जाई. जुलै-ऑगस्ट २०११ मध्ये चीनच्या चच्यांग प्रांतातील अधिकाऱ्यांनी या लाल घरट्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांत नायट्राइटचे प्रमाण मर्यादेच्या कित्येक पट आढळले. खळबळ उडाली, मलेशियातून होणारी आयात चीनने थांबवली आणि तिथला व्यवसाय एका फटक्यात कोसळला. पुढे चीनने किलोमागे ३० मिलिग्रॅम नायट्राइट ही कमाल मर्यादा घातली आणि नोंदणीच्या कडक अटींवर आयात पुन्हा सुरू केली. सिंगापूरच्या नानयांग तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी या लाल रंगाचे मूळही शोधले. गुहेच्या किंवा घराच्या जमिनीवर साचलेल्या विष्ठेतून उठणारी नायट्रोजनयुक्त वाफ घरट्यातल्या प्रथिनांवर क्रिया करते आणि ती लाल होतात. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला रक्ताचा सत्त्वांश समजून चढी किंमत देत होते, तो विष्ठेच्या वाफेचा डाग होता. व्यापाऱ्यांना हे कळल्यावर पांढरी घरटी विष्ठेच्या धुरीत मुद्दाम लाल करण्याचे प्रकारही झाले.

भेसळीचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडे कांडोळाच्या झाडापासून मिळतो तो कराया डिंक, समुद्री शेवाळ, पांढरी बुरशी, डुकराची कातडी अशा वस्तू मिसळून वजन वाढवले जाते. पिसे आणि घाण काढताना रंग पांढराशुभ्र यावा म्हणून विरंजक रसायने वापरली जातात. मूळ घरट्यात बुरशी, माइट आणि जड धातू सापडल्याच्याही नोंदी आहेत. ज्या पदार्थाचा उगम अंधाऱ्या गुहेत किंवा बंदिस्त इमारतीत, विष्ठेच्या थरांवर होतो, तो औषध म्हणून खाण्याआधी किमान औषधाइतका तरी तपासला जावा. ती तपासणी सर्वत्र होत नाही.

आणि आता त्या पक्ष्याची बाजू. पाकोळी एका खेपेला साधारण दोन अंडी घालते. घरटे बांधायला घेतल्यापासून पिल्लू उडेपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ जातो. मधेच घरटे ओरबाडले, तर ती पुन्हा लाळ गोळा करून दुसरे बांधते. तेही नेले, तर तिसरे बांधण्याचा प्रयत्न करते. प्रत्येक वेळी लाळ कमी, घरटे लहान आणि हंगाम हातातून निसटत चाललेला. चोराला अंडी दिसत नाहीत, पिल्ले दिसत नाहीत. त्याला वजन दिसते. अंडी खाली आपटतात, पिसे न फुटलेली पिल्ले गुहेच्या तळाशी पडतात आणि अशी चार-पाच वर्षे गेली की वसाहतीत म्हातारे पक्षी उरतात, नवे येत नाहीत. काळोखात टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधणारा हा जीव वर्षानुवर्षे त्याच भिंतीवर परततो. त्याची ही निष्ठाच चोराचे काम सोपे करते.

हे किती वेगाने घडते, ते अंदमान-निकोबारने दाखवून दिले आहे. तिथे या पक्ष्याला ‘हवाबील’ म्हणतात. कोइमतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान आणि निसर्ग इतिहास केंद्राचे रवी शंकरन यांनी १९९० च्या दशकात बेटामागून बेट पालथे घालून शेकडो गुहा तपासल्या. त्यांचा निष्कर्ष धक्कादायक होता. अवघ्या दहा वर्षांत हवाबीलची संख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटली होती. शंकरन केवळ आकडे देऊन थांबले नाहीत. जे लोक घरटी काढत होते, त्यांनाच त्यांनी राखणदार केले. उत्तर अंदमानात चालीस-एकच्या गुहा आणि इंटरव्ह्यू बेटावर वनखात्याच्या साथीने पहारा बसला. पिल्ले उडून गेल्यावरच घरटी काढायची, म्हणजे पक्षीही टिकेल आणि त्यावर जगणारी माणसेही, अशी त्यांची मांडणी होती. राखलेल्या गुहांत पक्षी वाढले. शंकरन जानेवारी २००९ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी गेले. पण त्यांनी घालून दिलेला धडा स्पष्ट आहे. स्थानिक माणसाला पहाऱ्यात हक्काचे स्थान आणि मिळकत दिली, तर गुहा वाचते. निव्वळ कागदावरचा कायदा तिला वाचवू शकत नाही.

कायदा आपल्याकडे झाला, हे मान्य. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत भारतीय पाकोळी आणि अंदमानची हवाबील, दोघींना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघ-सिंहांच्या पंक्तीत, स्थान मिळाले. आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र पोकळीच आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल येथे भरलेल्या सायटीस कराराच्या परिषदेत इटलीने या पाकोळ्यांचा व्यापार नियंत्रणाखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. उत्पादक देशांचा विरोध झाला, प्रस्ताव मागे घेतला गेला आणि १९९६ मध्ये इंडोनेशियातील सुराबाया येथे एक कार्यशाळा भरवून विषय आटोपला. वन्यप्राण्यांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या या कराराच्या यादीत खाण्याच्या घरट्यांची पाकोळी आजही नाही. त्यामुळे गुहेतून चोरलेले घरटे एकदा परदेशी गोदामात पोचले की ते कुठून आले, हे विचारणारे कुणी उरत नाही.

‘आता घरटी गुहांतून कुठे येतात, ती तर पाळलेल्या पाकोळ्यांची असतात,’ असा युक्तिवाद व्यापारी करतात. त्यात तथ्याचा अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाकोळ्या रिकाम्या घरांत वसू लागल्या आणि आज इंडोनेशिया, मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड या देशांत खिडक्या नसलेल्या उंच इमारती खास त्यांच्यासाठी बांधल्या जातात. ध्वनिक्षेपकावर पाकोळ्यांचे आवाज वाजवून पक्ष्यांना आत ओढले जाते. जगातल्या घरट्यांचा फार मोठा वाटा आज या घरांतूनच येतो. पण हा पक्षी कोंबडीसारखा दाण्यावर पोसला जात नाही. तो रोज बाहेर जाऊन जंगलावर, दलदलीवर, शेतांवर उडणारे किडे टिपतो. बोर्निओ आणि सुमात्रातील जंगले तेलताडासाठी तोडली गेली, दलदली कोरड्या केल्या, तर घरे कितीही बांधा, पक्षी खाणार काय?

शिवाय या घरांचा त्रास माणसांनाही होतो. मलेशियातील पेनांगचे जॉर्ज टाउन २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा तिथल्या जुन्या देखण्या दुकानघरांत पाकोळ्यांची शेती बोकाळली होती. दिवसरात्र वाजणारे भोंगे, ओल आणि विष्ठेने कुजणाऱ्या भिंती यांविरुद्ध नागरिक उभे राहिले आणि अखेर प्रशासनाला २०१३ पर्यंत ती शेती शहराबाहेर काढण्याचा आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हिएतनामच्या निन्ह थुआन प्रांतात अशाच एका घरात हजारो पाकोळ्या मरून पडल्या आणि तपासात बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. हजारो पक्षी एका बंद छपराखाली, माणसांच्या वस्तीत कोंबण्याचा हा धोका आहे. आणि घरांतला माल कितीही वाढला, तरी ‘अस्सल गुहेतले’ घरटे अधिक गुणकारी, ही समजूत बाजाराने जिवंतच ठेवली आहे. गुहेवरचा दाब त्यामुळे हटलेला नाही.

सगळ्याच गुहा लुटल्या जातात असे नाही. मलेशियाच्या सबाह राज्यातील गोमांतोंगच्या गुहांत सरकारी परवान्याने, ठरलेल्या हंगामात घरटी काढली जातात. पहिली तोड अंडी घालण्यापूर्वी, दुसरी पिल्ले उडाल्यावर. पहारा अखंड. नियम पाळला तर माणूस आणि पक्षी दोघे जगू शकतात, याचा तो पुरावा आहे. पण तेवढे सामर्थ्य आणि तेवढी वसाहत असलेल्या जागा थोड्या. वेंगुर्ल्याची वसाहत तशी नाही. ती लहान आहे, एकाकी आहे आणि एखाद-दोन वाईट हंगामांत ती कायमची मोडू शकते. तिथे घरटे काढण्याला, कोणत्याही अटीवर, मुभा असता कामा नये.

याच सागरी परिसरात आता नवी वर्दळ येते आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. सिंधुदुर्गातल्या मच्छीमार कुटुंबांना पर्यटनातून चार पैसे मिळावेत, याला आमचा पाठिंबाच आहे. पण होड्या वाढल्या की बेटावर उतरणारी पावलेही वाढतील आणि गर्दीत चोराची होडी ओळखू येत नाही. म्हणून प्रकल्पाच्या नियोजनातच काही गोष्टी बसवल्या पाहिजेत. पावसाळ्यापूर्वीच्या विणीच्या महिन्यांत गुहेच्या बेटावर उतरण्यास पूर्ण बंदी हवी. पहाऱ्यासाठी निवती, वेंगुर्ले, मालवणच्या मच्छीमारांतून पगारी राखणदार नेमावेत. समुद्र त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही आणि परकी होडी त्यांना मैलावरून ओळखू येते. वनखाते, तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि सीमाशुल्क विभाग यांच्यात माहितीची ठरलेली देवाणघेवाण हवी. दर हंगामाला शास्त्रीय गणना होऊन तिचे आकडे लोकांसमोर यावेत. पक्षी किती उरले हे आपणच मोजले नाही, तर ते संपल्याचेही आपल्याला उशिरा कळेल.

दिल्लीनेही आपले काम करावे. सायटीसच्या व्यासपीठावर १९९४ मध्ये अर्धवट राहिलेला विषय भारताने पुन्हा मांडावा आणि गुहेतल्या घरट्यांच्या व्यापाराला उगमाच्या दाखल्याची अट घालावी, असा आग्रह धरावा. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये जाहिराती आणि दाव्यांसंबंधी नियम केले आहेत. पुराव्याशिवाय रोग बरा करण्याचे दावे करणारी घरट्याची उत्पादने ऑनलाइन दुकानांतून भारतीय ग्राहकापर्यंत पोचत असतील, तर त्या नियमांचा बडगा उगारावा. ॲलर्जीचा ठळक इशारा नसलेली एकही बाटली इथे विकली जाऊ नये.

आणि शेवटी आपण. सिंगापूर, क्वालालंपूर, हाँगकाँगला राहणारे किंवा तिकडे फिरायला जाणारे हजारो मराठी लोक आहेत. विमानतळावरच्या देखण्या खोक्यातली बाटली गरोदर सुनेसाठी, आजारी सासऱ्यांसाठी उचलण्याचा मोह होतो. त्यामागची माया खरी असते. पण त्या मायेला त्या बाटलीतून काही मिळणार नाही आणि ॲलर्जीचा धोका मात्र घरात येईल. ती घेऊ नका, आणि तुमच्या ओळखीत कुणी घेत असेल तर त्याला कारण सांगा. ज्या वस्तूचा गुण सिद्ध नाही, जिची शुद्धता भरवशाची नाही आणि जिच्यासाठी पिल्ले गुहेच्या तळाशी फेकली जातात, तिला नकार देणे यात गमावण्यासारखे काहीच नाही. गिऱ्हाईक हटले की दलाल हटतो आणि दलाल हटला की परांच्या बांधायला कुणी समुद्रात उतरत नाही. वेंगुर्ल्याच्या गुहेचे रक्षण सरकारने पहाऱ्याने करायचे आहे आणि आपण आपल्या नकाराने. दोन्ही आजपासून शक्य आहेत. येत्या विणीच्या हंगामाआधी ती झाली पाहिजेत.